मांजराचं पथ्य

मुंग्या आधी मला दिसल्या. गोठ्याच्या कोपऱ्यात मांजर ओलं करून ठेवायचं, तिथे सकाळी त्यांची रांग लागलेली. मी राख टाकून मोकळी झाले. सासूबाई मात्र तिथेच उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यावानीच झालंय की गं ह्याला." त्यांना मधुमेह होता, आणि तोही पहिल्यांदा असाच मोरीतल्या मुंग्यांनी सांगितला होता.

मांजर माझं होतं. माझं माहेर दापोडीचं, पण मूळचे आम्ही कोकणातले, मासळीशिवाय घास न उतरणारे. दिली मात्र कुरुळीत, माळकऱ्यांच्या घरात. मासळी सुटून तीन वर्षं झाली होती. माहेरचं म्हणून टोपलीत घालून आणलेलं ते मांजर तेवढं माझ्यापाशी उरलं होतं, आणि आता तेही वाळत चाललं होतं. सारखं पाणी प्यायचं. माझा जीव थाऱ्यावर राहीना. भाकरी थापता थापता उठायचे, पाणी शेंदता शेंदता मागे बघायचे. भाकरी करपली की सासूबाई विचारायच्या, "जीव कुठं हाय तुझा?" जीव गोठ्यात होता, दुसरीकडे कुठे असणार!

त्यांनी मांजराला आपलंच पथ्य लावलं. भात बंद. ज्वारीची भाकरी, मेथीचं पाणी, वर कारल्याचा रस. रस पाजताना मांजराने माझा हात ओरबाडून काढला. बरंच केलं, मीही तेच केलं असतं. भाकरी नुसती हुंगून ते निघून जायचं. मग दया येऊन मी गुपचूप दूध ठेवायचे, आणि सकाळी मुंग्या दुप्पट. मेलं तर माझ्याच हातून मरेल, असं वाटून मला बसवेना की झोपवेना.

शेवटी आमच्या ह्यांनी सायकलला टोपली बांधली आणि आम्ही चाकणच्या ढोरांच्या डॉक्टरकडे गेलो. आमचं पथ्य ऐकून डॉक्टर आधी हसले. "बाई, हे पथ्य माणसाचं. मांजराला भाकरी नको, दूधभातही नको. मांसमच्छी द्या, तीही अळणी. नाहीतर हातचं जाईल."

येताना वाटभर एकच डोक्यात होतं. माळकऱ्याच्या दारात मासळी! घरी आल्यावर एका दमात सांगून टाकलं. सासूबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. बराच वेळ चाचपत राहिल्या.

"गोठ्यामागं चूल मांड," त्या म्हणाल्या. "भांडं घरात आणू नगंस. आन् आंघूळ केल्याबिगर उंबरा वलांडू नगंस."

मी बाजारातून सुके बोंबील आणू लागले. मीठ निघावं म्हणून तीन पाण्यांत भिजवायचे, उकडायचे, काटे काढून घालायचे. वासाने माझ्याच तोंडाला पाणी सुटायचं. एकदा राहवलं नाही, एक तुकडा तोंडात टाकला. नुसता चोथा, पण डोळे भरून आले. वळून पाहते तर नाकाला पदर लावून सासूबाई उभ्या. तशाच मागे फिरल्या. त्यांनी पाहिलं की नाही, ह्या घोरात मी आठ दिवस काढले. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची सोय नव्हती.

मांजराने अंग धरलं, मुंग्याही कमी झाल्या. पण ते चारच महिने. एका दुपारी चुलीशेजारीच पाय ताणून पडलेलं दिसलं. मी रडले, आणि रडतच चूल मोडायला घेतली.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "घाई काय हाय?"

पुढच्या बाजाराला त्या स्वतः गेल्या. परतल्या तेव्हा काठीच्या टोकाला एक पुडी लोंबत होती, विंचू धरावा तशी अंगापासून लांब. गोठ्यामागे जाऊन त्यांनी ती चुलीपाशी सोडली.

"मांजराचं आणलंय," त्या म्हणाल्या.

आंघोळीला जाता जाता त्या वळल्या.

"ह्या बारीला भिजत घालू नगंस. मीठ ऱ्हाऊ दे."