चौथऱ्याचं पाणी

हे लिहायला घेतलं आणि तीनदा कागद बाजूला ठेवला. देवाच्या कृपेचा अनुभव सांगताना माणूस स्वतःचा चांगुलपणा थोडा तरी मिरवून घेतोच, आणि माझ्या अनुभवात मिरवण्यासारखं माझं काहीच नाही. कृपा झाली ती मी खोटा ठरलो तेव्हा. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

आमचं काम जुन्या गाड्यांच्या इंजिनांचं. ज्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, ज्यांना शोरूमवाले हात लावत नाहीत, अशी इंजिनं सोलापुरात आमच्याकडे येतात. वडिलांनी बोळातल्या एका खोलीत हे सुरू केलं आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्या जोडीला गफूरचाचा होते. झिजलेलं सिलिंडर आतून कातून पुन्हा गोल करायचं, म्हणजे आमच्या भाषेत बोअरिंग, हे काम चाचांचं. तिथं केसाच्या जाडीची चूकही चालत नाही. वडील गेले, मी मालक झालो, तरी चाचा मला 'बेटा' म्हणत आणि मला ते बरं वाटे.

दोन वर्षांपूर्वी कुंभारीच्या रस्त्याला जागा घेऊन नवं वर्कशॉप बांधायला काढलं. जागेच्या कोपऱ्यात लिंबाखाली एक शेंदूर लावलेला म्हसोबा होता. जवळच्या वसाहतीतल्या, विड्या वळणाऱ्या एक आक्का रोज सकाळी घागर घेऊन येत आणि त्याला पाणी घालून जात. मी सिद्धेश्वराचा भक्त. सोमवार चुकवत नसे, कपाळावरची विभूती पुसत नसे. म्हसोबाकडे मात्र मी धड पाहिलंही नव्हतं. मोठ्या साहेबाशी ओळख असलेला माणूस दारातल्या शिपायाला रामराम करत नाही, तसंच ते.

बोअरिंगचं मशीन जड काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवावं लागतं. ते जरा जरी थरथरलं, तरी काम बिघडतं. चौथरा ओतला तेव्हा सोलापूरचं ऊन तापायला लागलं होतं. चाचा म्हणाले, "बेटा, ह्याला महिनाभर पाणी पाज. वरचं गोणपाट सुकलं नाही पायजे. मी येत जातो रोज."

तेव्हा मला भक्तीचा उमाळा आला. म्हणालो, "नको चाचा. हा माझा नेम. पिंडीवर घालतो तसं महिनाभर दोन्ही वेळा मीच पाणी घालणार." ही गोष्ट मी घरी सांगितली, देवळात सांगितली, मंद्रूपच्या पाहुण्यांना फोन करून सांगितली. सगळे म्हणाले, भक्ती असावी तर अशी. मला आतून गुदगुल्या झाल्या.

पाच दिवस पाणी घातलं. सहाव्या दिवशी संध्याकाळी उद्घाटनाच्या पत्रिका छापायला गेलो. मग मांडववाला, मग छताचे पत्रे, मग पाहुण्यांची आमंत्रणं. एक वेळ चुकली, मग दिवस चुकला, आणि मग देव समजून घेईल म्हणत मी नेमच सोडून दिला. शेवटच्या चार दिवसांत सामान आलं म्हणून फाटकाला कुलूप घातलं. राखणदार म्हणाला, आक्का घागर घेऊन परत गेल्या. मी हसून म्हणालो, "चार दिवस अंघोळ नसली तर काय बिघडतंय म्हसोबाचं?" अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरायचा होता, म्हणून महिना व्हायच्या आत, सोळाव्या दिवशीच मशीन चढवायचं ठरवलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते मी आरशात पाहून म्हणायला हवं होतं.

मशीन चढवायच्या आधी चाचांनी गोणपाटावर तळहात ठेवला. म्हणाले, "घाई होतीय. पण पाणी बरोबर दिलंस ना?" मी कपाळावरच्या विभूतीला बोट लावलं आणि म्हणालो, "सिद्धेश्वराची आण, चाचा. एक वेळ चुकली नाही." चाचांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग मशीन समपातळीत आणायला वाकले.

उद्घाटन दणक्यात झालं. तीन आठवड्यांनी वैरागचे एक डॉक्टर आपल्या वारलेल्या वडिलांच्या गाडीचं इंजिन घेऊन आले. वर्षश्राद्धाला त्यांना वडिलांचीच गाडी चालवत गावी जायचं होतं. काम बघायला ते स्वतः थांबले. आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. चाचांनी सिलिंडर कातलं, आत व्यास मोजायचा गेज घातला, आणि त्यांचा चेहरा पडला. भोक गोल राहिलं नव्हतं. आतल्या अंगाला लाटा उमटल्या होत्या.

चौथऱ्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही, असं म्हटलं तर ते दुसरं खोटं होईल. आला, आणि मी त्यावर झाकण ठेवलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "डोळे गेले असतील तर तसं सांगा की, चाचा. लोकांच्या वस्तूची माती कशाला करता?"

चाचांनी गेज पुसला, त्याच्या डबीत ठेवला, टोपी घातली आणि निघून गेले. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. इथं अंगण खरोखरच वाकडं होतं, ते मी केलं होतं, आणि बोल नाचणाऱ्याला लावला होता.

पुढच्या सोमवारी देवळात गेलो. विभूतीच्या ताटलीपाशी हात गेला आणि तिथंच थांबला. ज्या बोटानं खोटी आण घेतली तेच बोट होतं. दर्शन न घेता परत फिरलो आणि वर्कशॉपवर येऊन बंद मशीनसमोर बसून राहिलो. फाटक उघडं होतं. थोड्या वेळानं आक्का घागर घेऊन आल्या. त्यांनी म्हसोबाला पाणी घातलं आणि जाताना मशीनकडे बघत थबकल्या.

"बसवलंसा व्हय यंत्र? मग त्या चौथऱ्याला पानी कुनी घातलं?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"तुमी तर येत न्हवता की. ऊन लई व्हतं, बिचारा तडकंल म्हनून देवाचं उरलेलं पानी मी ह्या कोपऱ्यावर वतत व्हते. पल्याड इटांचा ढीग, तितं जायाला वाट न्हाय. मग तुमी कुलूपच घातलं."

त्या गेल्यावर मी पाना घेतला आणि मशीन चौथऱ्याला धरून ठेवणारे चार बोल्ट तपासायला गुडघ्यांवर बसलो. लिंबाच्या बाजूच्या कोपऱ्यातला बोल्ट तसूभर हलला नाही. बाकीचे तिन्ही बोल्ट बोटांनी हलवले तरी हलत होते, आणि त्यांच्याभोवतीचं काँक्रीट वाळूसारखं सुटून हातात येत होतं. कुणी ह्याला योगायोग म्हणेल, म्हणू दे. मला एवढंच कळलं की ज्या देवाची अंघोळ मी हसत बंद केली, त्याच्या तीर्थानं माझा एक कोपरा धरून ठेवला होता. चारही कच्चे निघाले असते तर मी सिमेंटवाल्याला दोष देऊन मोकळा झालो असतो. त्या एका पक्क्या कोपऱ्यानं मला पळायला जागा ठेवली नाही. मी तिथंच फरशीवर बसून रडलो, लहानपणी रडायचो तसा.

तसाच उठून चाचांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून शेजाऱ्यांचा पंखा दुरुस्त करत होते. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रू आवळता आवळता ऐकून घेतलं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "गोणपाट कोरडं खडखडीत लागलं होतं हाताला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू देवाचं नाव घेतलंस, बेटा. ते नाव मधी आल्यावर मी गोणपाटाचं ऐकू का तुझं?"

जोड्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. माझ्या शब्दावर माझा जेवढा विश्वास नव्हता, तेवढा त्यांनी ठेवला होता, आणि तोही माझ्या देवाच्या नावापायी. मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "हितं नको. जिथं बोललास, तिथं बोल."

मी डॉक्टरांना आणि त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांना फोन करून बोलावून घेतलं. मशीनपाशी उभं राहून, चाचांसमोर, खोटी आणही सांगितली आणि चुकलेला नेमही. डॉक्टर चाचांकडे वळून म्हणाले, "ह्यातून काही करता येईल का?" चाचांनी बोळातल्या जुन्या मशीनवर त्या सिलिंडरमध्ये लायनर म्हणतात ती नवी नळी बसवली. वर्षश्राद्धाला ती गाडी वैरागला गेली.

चौथरा फोडला, नवा ओतला. ह्या वेळी नेम बोललो नाही, कुणाला सांगितलंही नाही. फाटकाची एक किल्ली आक्कांना दिली. आधी त्या म्हसोबाला घालत, मग मी चारही कोपऱ्यांना घालत असे. पाणी ओतताना मनात काही मागणं नसे, फक्त लाज असे. हळूहळू कळत गेलं की शरण जाणं म्हणजे देवापुढे मोठा शब्द टाकणं नव्हे. मी ज्याला भक्ती म्हणत होतो ती माझीच जाहिरात होती, आणि देवानं तीसुद्धा एका बाईच्या हातून उरलेल्या पाण्यानं धुऊन काढली. हे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. विभूती आता पुन्हा लावतो, पण लावताना बोट जड होतं.

महिना भरला. मांडव नाही, मुहूर्त नाही. चाचा आले, गोणपाटावर तळहात ठेवला आणि मान वर न करता विचारलं, "पाणी?"

मी तोंड उघडलं, पण मला माझ्याच जिभेची भीती वाटली.

लिंबाखालून आक्कांचा आवाज आला, "घातलंय वो त्येंनी. मी बगत व्हते की रोज."

चाचांनी हात पुढे केला. मी मान खाली घालून पाना त्यांच्या हातात दिला.