दाढा येत्यात

नातवासाठी ओआरएसची पुडी फोडली, की त्या संत्र्याच्या वासासरशी खुटबावचं अंगण आठवतं आणि दोरीवर वाळणारी दुपटी. धाकट्या जावेच्या सव्वा वर्षाच्या लेकाला पंधरा दिवस जुलाब होत होते. ती रोज विचारायची, "आक्का, दवाखान्यात न्यावं का वं?" तीन पोरं वाढवलेली मी ठसक्यात सांगायचे, "दाढा येत्यात गं, पोट बिघडनारच." सोळाव्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले. दौंडचा दवाखाना येण्याआधीच लेकरू तिच्या मांडीवर गार पडलं. शेवटची अंघोळ घालताना मी त्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. दाढ कुठंच नव्हती. जाऊ अजून मला आक्काच म्हणते, पण त्यानंतर तिनं मला कधी काही विचारलं नाही.