सूक्ष्मदर्शकाच्या पेटीवरची चिठ्ठी

डांबरगोळ्यांचा वास आला की मला लोणी काळभोरकडच्या एका शाळेतलं कपाट आठवतं. पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते, त्या वर्षांतली गोष्ट. आमच्या विद्यापीठाने शाळेला दिलेला सूक्ष्मदर्शक वर्षभराने पाहायला गेलो, तर त्या कपाटातल्या पेटीवर दसऱ्याचं हळदकुंकू आणि सील जसंच्या तसं! मी विज्ञानाच्या बाईंवर उखडलोच, "अहो, पूजेला दिला होता का?" बाईंनी झाकणावरची चिठ्ठी दाखवली: "विद्यापीठाच्या लेखी परवानगीशिवाय उघडू नये." अक्षर माझंच होतं. बाई म्हणाल्या, "परवानगीसाठी दोन पत्रं पाठवली, सर. उत्तर नाही आलं." पत्रं मिळालीच नाहीत, असं मी ठणकावून सांगितलं. आज निवृत्तीनंतर कोथरूडच्या घरी कपाट आवरताना तोच वास आला आणि जुन्या फाईलमधून दोन पाकिटं पडली, न फोडलेली.