पाया पडण्याचा प्रवेश

त्या नाटकात मला मारायचं ठरलं, ते माझा अभिनय वाईट होता म्हणून नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण नगरमधली काही वयस्कर मंडळी अजूनही म्हणतात की एका मुलीनं ऐन गॅदरिंगमध्ये नाटक पाडलं. पाडलं, खरं आहे. का पाडलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी नगरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. गाव एसटीनं तासाभरावर, घर महारवाड्यात. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची.

आम्हाला इंग्रजी शिकवायला एक अमेरिकन बाई होत्या. त्यांनी एकदा वर्गात एक मासिक आणलं. त्यात न्यूयॉर्कच्या काळ्या लोकांच्या एका नाटक मंडळीबद्दल लिहिलं होतं. गोऱ्यांच्या नाटकांत ह्यांच्या वाट्याला कायम नोकर आणि मोलकरणी यायच्या. म्हणून ह्यांनी आपली मंडळी काढली, आपल्या माणसांकडून नवी नाटकं लिहून घेतली आणि आपल्याच वस्तीत ती करायला लागले. एका फोटोत एक काळी बाई खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर सरळ समोर. माझी आई खडीच्या ढिगाशेजारी टेकायची ती अशीच. तो फोटो बघून मला इतका आनंद झाला की मासिक परत द्यायला मी कितीतरी दिवस टाळाटाळ केली.

त्या मंडळीनं नुकत्याच केलेल्या एका नाटकाची प्रत बाईंकडे होती. मराठीच्या सरांनी गॅदरिंगसाठी तिचं मराठी केलं. गोष्ट साधी होती. आई लोकांचे कपडे धुऊन मुलाला शिकवते. मुलगा शहरात मोठा होतो आणि चारचौघांत तिची ओळख द्यायला लाजतो. शेवटी भरल्या घरात आई त्याला विचारते, "सांग ह्यांना, मी तुझी कोण?" आणि तो तिला मिठी मारतो.

"मिठी आपल्याकडे बरी दिसायची नाही," सर म्हणाले. "आपला मुलगा आईच्या पाया पडेल."

सगळ्यांना पटलं. आईचं काम मला मिळालं.

मुलाचं काम करणारा एका बड्या बागायतदाराचा मुलगा. वडील साखर कारखान्याचे डायरेक्टर. रंगानं चांगला गोरा. खोबरेल तेलात काजळी कालवून तो तोंडाला, मानेला, अगदी कानांच्या पाळ्यांना लावायचा आणि आरशात बघून खूश व्हायचा. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला काही लावायला नको." सगळे हसले. ह्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

पाया पडायचा प्रवेश तालमीत रोज राहून जायचा. कधी वेळ संपायचा, कधी ह्याची कंबर धरायची. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी त्यानं एकदाचं सांगून टाकलं, तेही माझ्यादेखत.

"सर, माझं काही म्हणणं नाही हो. पण वडील पुढच्या रांगेत बसणार. गावातली माणसं येणार. ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलेलं त्यांनी बघितलं, तर मला घरात घेतील का?"

"अरे, नाटक आहे ते."

"पण बघतात तर सगळे खरोखरचेच ना, सर."

मला वाटलं, सर आता ह्याला काढतील. कसलं काय! दुसऱ्या दिवशी येताना ते आईला मारूनच आले. पहिल्या अंकाच्या शेवटी मी खोकून खोकून मरायचं. दुसऱ्या अंकात मुलानं खुर्चीवर ठेवलेल्या आईच्या लुगड्यावर डोकं ठेवून रडायचं. ते लुगडं माझ्या आईचं होतं, तिच्या दोनांतलं एक, नाटकात नेसायला मी मागून आणलेलं.

"लुगडं कुणाचं आहे?" मुलानं विचारलं.

मी सांगितलं. मग खुर्चीवरून लुगडंही गेलं, आणि सरांनी घरून स्वतःच्या मातोश्रींचा हार घातलेला फोटो आणला. सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसाचं दुःख ह्यांना चालत होतं, तोंडभर काजळी फासून घ्यायला चालत होतं, आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या मुलीच्या आईचं धुतलेलं लुगडं चालत नव्हतं! वर सर मला समजावतात, "आई मेली की परिणाम वाढतो." कुणाची आई मेली की वाढतो, हे विचारायला हवं होतं.

इकडे मी पाया पडायची गोष्ट आईला आधीच सांगून बसले होते. तिनं ती खडीवर सगळ्यांना सांगितली. कामाचा खाडा करून वस्तीतल्या दोघींना घेऊन ती आली. नाटक दुपारचं होतं. रंगपटाच्या दारात गाठून तिनं हळूच विचारलं, "माजं लुगडं नेसलेल्या तुज्या पायावर डोस्कं ठिवनार ना त्यो?" तिच्या तोंडावर इतकी हौस होती की माझ्यानं काही बोलवलं नाही. तिला मागच्या बाकांवर जागा मिळाली.

पहिला अंक संपत आला. खोकायची वेळ झाली. मी खोकले नाही.

"खोका, खोका," विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला. थोड्या वेळानं त्याचा धीर सुटला. "अहो, मरा ना!"

मी खुर्ची ओढून मधोमध घेतली आणि बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पहिल्या रांगेकडे बघत राहिले. रागानं माझे कान तापले होते. मारायचं असेल तर वर येऊन मारा म्हणावं!

आता प्रसंग सावरायला सरांनी मुलाला आत ढकललं. तो येऊन लांब उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुला बरं नाही का?"

"मला चांगलं बरं आहे," मी म्हटलं आणि सरांनी काढून टाकलेलं वाक्य बोलले. "सांग ह्यांना, मी तुझी कोण?"

त्यानं वडिलांकडे बघितलं. घामानं काजळी सुटून पांढऱ्या कॉलरवर उतरत होती. मी पुन्हा विचारलं, ह्या वेळी मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. तो गप्पच. तेवढ्यात पडदा पडला.

उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस त्यालाच मिळालं. परीक्षक म्हणाले, त्याचं ते मौन फार बोलकं होतं. सर मला म्हणाले, नाटक म्हणजे शिस्त, ती तुझ्यात नाही. त्यानंतर मला कुठल्या नाटकात घेतलं नाही.

बाहेर फाटकापाशी आई थांबली होती.

"पडला व्हय गं पाया?" तिनं विचारलं. "आमी लई मागं हुतो. म्होरच्यांची डोस्की आडवी आली. मला काय दिसलंच न्हाई."

"नाही पडला," मी म्हटलं.

तिनं माझ्या अंगावरच्या आपल्या लुगड्याचा पदर झटकला.

"दे मग काढून," ती म्हणाली. "उद्या खडीवर नेसाया लागंल."