विजयाकाकूंचा ब्रूजमधला शनिवार

विजयाकाकू बोलण्याआधी हात वर करायच्या. सेमिनारच्या खोलीत आम्ही अकरा जण टेबलाभोवती बसायचो, कुणीही कुणाचं वाक्य मध्येच तोडायचं, आणि या एकसष्ट वर्षांच्या बाई शाळकरी मुलीसारखा हात वर करून थांबायच्या. इथे परवानगी लागत नाही, असं प्राध्यापकांनी दोनदा सांगून पाहिलं. काकूंनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हात वर. बोलायला लागल्या की मात्र बोलणं नेमकं असे. मध्ययुगातल्या सुइणींवर एका मुलाने लांबलचक निबंध वाचला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बोलू का? हे ज्याने मुळात लिहिलं त्याने बाळंतपण पाहिलेलं नाही. दाराबाहेरून ऐकलंय."

त्या स्वतः तेहतीस वर्षं लंडनजवळच्या स्लाऊमध्ये एका सरकारी हॉस्पिटलात मिडवाइफ होत्या. निवृत्त झाल्यावर वर्षभर घरी बसल्या आणि मग लंडनला विद्यापीठात येऊन इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं. स्लाऊहून ट्रेनने यायच्या, डब्यात दोन माणसांचं खाणं आणायच्या. दुसरा वाटा माझा. मी नाशिकहून त्याच कोर्सला आले होते. पहिल्या आठवड्यात मला फोनवर आईशी बोलताना त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवायची वाट पाहून विचारलं, "कुठली गं तू? रडू येतंय का? आधी श्वास घे." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. निबंधाची मुदत संपत आली, घरमालकाची नोटीस आली, ट्रेन रद्द झाली, सगळ्यावर आधी श्वास.

आमच्या वर्गात तिसरा मराठी होता नील. त्याचा जन्म लंडनमधल्या हॅरोचा. आजीमुळे मराठी समजायचं, आणि काकूंशी मराठीतच बोलायचं असं त्याने ठरवून टाकलं होतं. मार्च महिन्यात त्याने टूम काढली, वीकेंडला ब्रूजला जाऊ या. निमित्त माझ्या प्रबंधाचं होतं. बेल्जियममधल्या गावांत सात-आठशे वर्षांपूर्वी काही बायका लग्न न करता आणि नन न होताही एका आवारात राहत. सूत कातायचं, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, आपलं पोट आपण भरायचं. मन बदललं तर बाहेर पडून लग्न करायची मोकळीक. त्यांना बेगीन म्हणत. ब्रूजमध्ये त्यांचं एक आवार अजून उभं आहे.

"काकू, तुम्ही पण चला ना," नील म्हणाला. "हॉटेल चांगली मिळाली आहे. एकदम सेंटरमध्ये."

"मिळालंय," काकूंनी दुरुस्त केलं. "यांना विचारते."

विचारायला चार दिवस लागले. शुक्रवारी सकाळी श्रीकांतकाका स्वतः लंडनच्या स्टेशनवर सोडायला आले. उंच, नीटनेटके गृहस्थ. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, इंजिनियर होते. त्यांनी हॉटेलचा पत्ता, ट्रेनच्या वेळा आणि भारतीय रेस्टॉरंटांची नावं टाइप करून, प्लॅस्टिकमध्ये घालून आणली होती. माझा नंबर घेतला. मी काकूंना विचारलं, "तुम्हाला खिडकी हवी का?"

"तिला खिडकी नको," काका म्हणाले. "तिला मळमळतं."

 काका दिसेनासे झाल्यावर, गाडीत शिरून काकू थेट खिडकीशी जाऊन बसल्या. बऱ्याच वेळाने बाहेर बघतच म्हणाल्या, "मला मळमळत नाही गं. एकदाच झालं होतं. स्मिता पोटात असताना." स्मिता म्हणजे त्यांची मुलगी. तिला आता स्वतःची दोन मुलं आहेत, ती कॅनडात असते.

ब्रूज हे फार देखणं गाव आहे, आणि ते त्याला माहीत आहे. कालवे, पूल, उतरत्या छपरांची घरं आणि सगळीकडे आमच्यासारखेच वीकेंडला आलेले लोक. संध्याकाळी लवकर जेवायला बसलो. वेटरने काकूंना विचारलं, काय घेणार. काकूंनी आमच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत सांगितलं, काहीही चालेल. वेटर वयस्कर होता, हसून म्हणाला, "मॅडम, 'काहीही' आमच्या मेनूवर नाही." आणि तो पेन घेऊन तसाच उभा राहिला. काकूंनी मेनू उघडला. दुसरं पान, तिसरं पान, पुन्हा पहिलं. मला त्यांची कीव यायला लागली होती. नील सुचवायला गेला तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

"बाळाचे ठोके कमी व्हायला लागले की मी एका क्षणात ठरवायचे, सायली," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला बोलवायचं, की थिएटरला न्यायचं, की अजून थांबायचं. आणि इथे मला सूप की बटाटा ते ठरवता येईना."

मग त्यांनी शिंपल्या मागवल्या. जन्मात खाल्ल्या नव्हत्या. वाडगाभर आल्या, त्या एकेक उघडून शेवटपर्यंत खाल्ल्या आणि सांगितलं, "आवडल्या नाहीत. पण माझ्या मी मागवल्या."

शनिवारी सकाळी आम्ही बेगीनांच्या आवारात गेलो. पुलावरून आत शिरलं की मोठी हिरवळ, उंच झाडं, झाडांखाली पिवळी फुलं आणि चारी बाजूंनी पांढरी घरं. शांतता राखा, अशी पाटी. त्यातल्या एका घराचं छोटं संग्रहालय केलं आहे. स्वयंपाकघरात एक उभं लाकडी कपाट होतं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी समजावून सांगितलं: वरच्या कप्प्यात पाव, खाली ताटवाटी, आणि मध्ये ओढून बाहेर काढायची एक फळी. प्रत्येकीचं कपाट वेगळं. फळी ओढायची, समोर बसायचं आणि आपलं आपण जेवायचं.

मी टिपणं घेतली, फोटो काढले, नील अंगणात जाऊन आला. काकू कपाटासमोरून हलल्या नाहीत. मधूनच त्यांनी त्या बाईंना विचारलं, "या बायका कोणाला तरी सोडून येत होत्या का?" बाई म्हणाल्या, कुणी सोडून यायच्या, कुणी लग्न करून कोणाच्या घरी गेलेल्याच नसत. विधवाही असत. कारण कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. कालपासून दर तीन तासांनी वाजत होता. त्या शांत खोलीत तो फारच मोठा वाटला. काकूंनी नाव पाहिलं, बटण दाबून धरलं आणि फोन बंद केला. म्यूट नाही, पूर्ण बंद.

दहा मिनिटांनी माझा वाजला. मी धावत पुलावर आले. "सायली, विजयाचा फोन लागत नाहीये. बरी आहे ना ती?"

"बऱ्या आहेत, काका. इथे म्युझियममध्ये आहोत."

"मग दे ना तिच्याकडे."

काकू माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. मी फोन पुढे केला. त्यांनी मान हलवली. नाही.

"त्या आत आहेत," मी म्हणाले.  काका म्हणाले, "तिने कोट घातलाय ना?" घातला नव्हता. मी हो म्हटलं. एका मिनिटात दोनदा खोटं बोलले. काकूंनी ते ऐकलं, आणि उरलेला दिवस त्या अगदी साध्यासुध्या गप्पा मारत आमच्याबरोबर गाव हिंडल्या.

रविवारी परतताना ब्रसेल्सच्या स्टेशनवर नीलचा पासपोर्ट सापडेना. "काकू, माझी पासपोर्ट गेला!" तो पांढराफटक पडला. "आधी श्वास घे," काकू म्हणाल्या आणि त्याची बॅग जमिनीवर उपडी केली. पासपोर्ट एका मोज्यात निघाला. हरवू नये म्हणून त्यानेच ठेवला होता. गाडीत बसल्यावर तो कानात इयरफोन घालून झोपला. मी त्यावरून हसत होते. काकू नव्हत्या.

"मी आता वेगळी राहणार आहे," त्या म्हणाल्या. "स्लाऊला जाईन, त्यांना समोर बसवून सांगेन. खोली मिळेपर्यंत राहीन. मग नाही."

 मी विचारलं, "काका काही वाईट..."

"छे. एकदाही नाही."

मे महिन्यात त्या लंडनमधल्या ईलिंगला एका खोलीत राहायला गेल्या. काकांचा मला एकदाच फोन आला. "तुम्ही मुलांनी तिच्या डोक्यात काय भरवलंत?" मी म्हणाले, काही नाही. ते खरंही होतं आणि नव्हतंही. ती बेगीनांची माहिती माझीच होती. जूनमध्ये मी काकूंची राहिलेली पुस्तकं आणायला स्लाऊला गेले. काकांनी चहा केला. पुस्तकं विषयवार खोक्यांत भरली होती, प्रत्येक खोक्यावर यादी चिकटवलेली. ते म्हणाले, "मी तिच्यावर कधी हात उचलला नाही, नोकरीला नाही म्हटलं नाही, शिकायला नाही म्हटलं नाही. माझं चुकलं काय, एवढं तरी कोणी सांगा." सदतीस वर्षांचा संसार, आणि मी तेवीस वर्षांची. चहा संपवून खोकी उचलली.

काकूंना मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्या पुस्तकं लावत होत्या. "श्रीकांत चांगला माणूस आहे," त्या म्हणाल्या. आजवर 'हे' असणाऱ्या माणसाचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "मी कुठे नाही म्हणते? तो विचारतो त्याचं उत्तर माझ्याकडे पण नाही. पण झोप लागते मला. पूर्वी लागत नव्हती."

त्यांचं शिक्षण पूर्ण झालं. पुढच्या वर्षी काकांची बायपास झाली. मुलगी कॅनडाहून आठवडाभर आली आणि गेली. काकू सहा आठवडे स्लाऊला जाऊन राहिल्या. औषधं, पथ्य, जखमेची निगा, सगळं त्यांच्या पद्धतीने चोख. ओळखीच्या मराठी मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला, मिटलं एकदाचं म्हणून. सातव्या आठवड्यात काकूंनी बॅग भरली. काकांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. ते स्टेशनपर्यंत पोचवायला आले, आणि गाडी आल्यावर म्हणाले, "खिडकीशी बस." हे मला काकूंनी सांगितलं. सांगताना त्या हसल्याही नाहीत, रडल्याही नाहीत.

मला लीड्सला एका संग्रहालयात नोकरी लागली. मागच्या उन्हाळ्यात आई नाशिकहून तीन आठवड्यांसाठी आली. पहिल्यांदाच एकटी आली होती. तिला काकूंना भेटायचं होतं, एवढं मी त्यांच्याबद्दल बोलले होते. आम्ही ईलिंगला गेलो. काकूंनी पोहे केले. दोघी बाळंतपणांबद्दल, गुडघ्यांबद्दल, कोथिंबीर कुठे चांगली मिळते याबद्दल बोलत राहिल्या. नवऱ्याचा विषय कोणी काढला नाही. मध्ये बाबांचा दोनदा फोन आला. आईने दोन्ही वेळा उचलला, जेवलात का विचारलं, गॅस बंद केला का विचारलं.

परत येताना आई गाडीभर गप्प होती. तिला काकू आवडल्या नसाव्यात, असं मी धरून चालले. तिच्या ओळखीत असं कोणी नव्हतं, आणि आपली मतं ती सहसा लपवत नाही. लीड्स जवळ आलं तेव्हा तिने पर्स मांडीवर घेतली, चष्मा आत ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "एकटीला पुरते का गं तेवढी खोली?"