यादीतली शेवटची शाळा

हर्मिनिया पाल्मारेसला शिक्षण खात्याच्या कार्यालयात सगळे मानांग मिनिंग म्हणत, म्हणजे मिनिंगताई. पानाय बेटावरच्या डोंगरी भागातल्या बेचाळीस शाळा तिच्याकडे होत्या. दरवर्षी तिसरीच्या मुलांची वाचनाची परीक्षा घ्यायची, शाळेची सरासरी काढायची आणि क्रमवार यादी भिंतीवर लावायची, हे तिचं काम. आकड्यांत तिची चूक सापडली असं कधी झालं नव्हतं.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ती दर शनिवारी इलोइलो शहरातल्या विद्यापीठात जाऊ लागली. बढतीसाठी पदवी हवी होती. तिथे प्राध्यापक सुमागायसाय यांनी विचारलं, "सहा मुलांची शाळा आणि सत्तर मुलांची शाळा, दोन्हींच्या सरासरीवर तुम्ही सारखाच विश्वास ठेवता?"

मिनिंग आजवर तसाच ठेवत आली होती. पुढचे तीन महिने ती तेच शिकत होती: मुलं शाळांत विभागलेली असतात, म्हणून मुलामुलांतला फरक वेगळा मोजायचा आणि शाळाशाळांतला वेगळा. शाळेत मुलं जितकी कमी, तितका तिचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढून घ्यायचा, कारण सहांतलं एखादं मूल अडखळलं तरी अख्खी शाळा खाली जाते.

सरावासाठी तिने स्वतःचीच गेल्या वर्षीची यादी घेतली. शाळाशाळांत फरक फार थोडा निघाला. बेचाळिसाव्या नंबरची, सहा मुलांची, डोंगरावरची शाळा एकोणतिसाव्या नंबरवर आली. तोही आकडा पक्का नव्हता. शाळा दहावी असू शकत होती, चाळिसावीही.

त्या शाळेची शिक्षिका लिगाया दुमागित. सभेत मिनिंगने यादी हातात धरून तिला सगळ्यांसमोर उभं करून झापलं होतं. लिगायाने महिन्याभरात राजीनामा दिला होता.

सोमवारी मिनिंग साहेबांकडे गेली. देल्फिन सरांनी कागद चाळले.

"मानांग, यादी मागे घेतली तर लोक म्हणतील, ह्यांना मोजता येत नाही."

"नव्हतंच येत, सर."

"पुढच्या वर्षी बघू," म्हणत त्यांनी कागद परत केले.

मग ती भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून डोंगर चढली. लिगाया बहिणीच्या किराणा दुकानात नारळाच्या पानांत चिकट भात गुंडाळत होती. मिनिंगने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आकडे दाखवले.

लिगायाचे हात थांबले नाहीत. "मॅम, परीक्षेच्या दिवशी दोघा पोरांना ताप होता. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, सबबी सांगू नकोस."

"म्हणाले होते, इंदाय," धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं मिनिंग म्हणाली.

"सहा पोरं म्हणजे सहाच पोरं, हे कळायला विद्यापीठात जावं लागलं तुम्हाला?" ती हसली, पण डोळे भरले होते. "मी आता हाँगकाँगला चाललेय. घरकामाला. कागद झालेत."

"मी पत्र लिहिते. तुला परत घेतील..."

"शाळाच कुठाय? मी गेल्यावर कुणी यायला तयार होईना. पोरं दीड तास चालत खालच्या गावात जातात. त्यातली दोन जातच नाहीत."

मिनिंगला बसायला स्टूल मिळालं, भातही मिळाला. तिने तो खाल्ला, कारण नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

त्या वर्षी तिने यादी करायला नकार दिला. साहेबांनी ती दुसऱ्याकडून करून घेतली. मिनिंगने प्रत्येक शाळेसमोर तिचा आकडा कितपत डळमळीत आहे ते लिहून एक पान तयार केलं आणि भिंतीवर यादीखाली टाचलं. दुपारपर्यंत कुणीतरी ते काढून टाकलं. तिने दुसरं टाचलं. बढती मिळाली नाही. लिगायाला लिहिलेल्या दोन पत्रांपैकी एकालाही उत्तर आलं नाही, आणि ते यावं असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, हे मिनिंगला अजून ठरवता आलेलं नाही.