माळावरचा लाल बावटा

भूत, चकवा, भानामती... असलं काही सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो. जमीन मोजणी खात्यात उभी हयात गेली. जे नकाशात नाही ते नाहीच, असा आपला खाक्या. आज मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा.

लोहारा तालुक्यात, माकणीच्या अलीकडं आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला बाँबचा माळ. महायुद्धात, निजामाच्या राज्यात, गोरे सैनिक इथं विमानातून बाँब टाकायचा न् गोळ्या मारायचा सराव करायचे. जमीन चोपून टणक केलेली, तिच्यावर चुन्याचा मोठा गोल — तो त्यांचा नेम. सराव असला की खांबावर लाल बावटा चढायचा. मग गुराख्यांनी माळावर पाऊल टाकायचं नाही. बावटा उतरला की रान मोकळं. आमचे वडील, अण्णा, तेव्हा पाच-सहा वर्षांचे, गुरांमागं असायचे. तो खांब माझ्या जन्माआधीच भंगारात गेला.

यंदा आमचं जुनं खळं रस्त्यात गेलं. धाकटा भाऊ बाळू म्हणाला, "दादा, माळावरचा गोल हाय की! सपाट, टणक... आयतं खळं!" हरभरा मळायला आता मशीन येतं. पण आमच्या घरात आधी खळ्याच्या मधोमध लाकडाची मेढ रोवायची, तिला नारळ फोडायचा, मगच मशीन. रिवाज अण्णांचाच.

त्या रविवारी मी धाराशिवहून आलो होतो. सकाळचे नऊ, लख्ख ऊन. अण्णा अंगणात उभे राहून, कपाळावर हात धरून माळाकडं बघत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटातली भाकरीसुद्धा चाचपून घेतात.

"बावटा चढलाय," अण्णा म्हणाले. "बाळ्या, आज माळावर जाऊ नगं."

बाळू थांबला. खांद्यावर पहार, पिशवीत नारळ. माझ्याकडं बघून म्हणाला, "ऱ्हाऊ दे का दादा आज?"

आणि मी — उचलली जीभ न् लावली टाळ्याला! "अण्णा, तुम्हाला समोरचा माणूस दिसंना, न् तिकडचा बावटा दिसतोय व्हय?" मोबाइल काढला, माळाचा फोटो घेतला, मोठा करून त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. "बघा. हाय का कुठं खांब?"

अण्णा बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले. "न्हाय," ते म्हणाले. "फोटूत न्हाय." शिकलेल्या लेकाचं ऐकलं त्यांनी. बाळू हसत गेला.

अर्ध्या तासानं विमानाची घरघर आली. बाहेर येऊन वर बघितलं, तर आभाळ रिकामं. मग धमाका... आमच्या खिडकीची काच खळ्ळकन फुटली. मी पळत सुटलो. माळावर चढलो तेव्हा धुरापलीकडं खांब दिसला. उंच, लोखंडी, वर लाल कापड. आणि ते कापड खाली उतरत होतं... कुणीतरी दोरी सोडावी तसं, हळूहळू. सराव संपल्यावर उतरवायचे तसं. मी डोळे पुसून बघितलं, तर खांबही नव्हता.

बाळूबद्दल काय लिहू? मेढीसाठी बरोबर मधोमध पहार मारली होती त्यानं. विमानवाल्यांचा नेमही तिथंच होता की! एवढं आमच्या कुणाच्याच टाळक्यात येऊ नये?

तपासाला आलेले साहेब म्हणाले, जुना बाँब होता, पहारीनं उडाला. मान्य. ते मलाही कळतं. पण बावटा? खांबाच्या जागी मी चारदा जाऊन आलो. नुसती कुसळं. अण्णांना काय दिसलं, मला काय दिसलं... याचा उलगडा मला आजही होत नाही. एवढंच कळतं, की भाऊ थांबला होता आणि मी त्याला पाठवलं.

अण्णा अजून रोज सकाळी अंगणात उभे राहतात, कपाळावर हात धरून. बाळूची बायको गुरं सोडायच्या आधी त्यांच्या तोंडाकडं बघत थांबते. परवा माझ्यानं राहवलं नाही. विचारलं, "अण्णा, आज बावटा हाय का?"

त्यांनी मान वळवली नाही.

"तुझ्या फोटूत बघ," म्हणाले.